मामांच्या हातचं दंताळं

उमापूर, ४ नोव्हेंबर २०२५

मामा, पाया पडते. मामींनाही सांगा.

फोनवर तुम्ही नुसतं "हां, हां" म्हणता आणि मामींना मधून ओरडावं लागतं, म्हणून पत्रच लिहिते. जिनिंगच्या मशिनींनी तुमचे कान खाल्ले, पण डोळे शाबूत आहेत ना? मग वाचा. शिवाय पोस्टात बसणाऱ्या बाईनं पत्र लिहिलं तर कोण हसणार? तुमचं उत्तर आलं की त्यावर शिक्काही मीच मारीन.

इथं येऊन दोन महिने झाले. खोली बरी आहे. एकच दार, गजाची एक खिडकी, पुढं ओटा. घरमालकीण साखराबाई शेजारीच राहतात, दिवसभर शेळ्यांमागं असतात. पोस्टाचं काम दुपारी आटोपतं आणि पुढचा वेळ अंगावर येतो. रामहरीचं घर सोडून आता आठ महिने होतील. कोर्टात सोडचिठ्ठीचा कागद घातलाय, तारखा पडताहेत. हात रिकामे राहिले की डोकं नको तिकडं जातं.

परवा साखराबाईंनी माळ्यावरचा एक डबा काढला. आत सतरा-अठरा कुलपं, किल्ली एकाचीही नाही. मला एकदम तुमचा ओटा आठवला. खांबाला ओळीनं टांगलेली भंगारातली कुलपं, तुम्ही एकेक उघडायचात, पुन्हा लावायचात, आणि मामी म्हणायच्या, "उघडायचंच हाय तर लावता कावून?" मी सातवीत असताना एक उघडलं होतं, तेव्हा तुम्ही सगळ्या आळीला सांगत फिरला होतात.

मला तो नाद लावून घ्यायचाय. मोबाईलवर कुलपं उघडायच्या हत्यारांचे वीस-वीस तुकड्यांचे संच दिसतात, त्यातलं काय घ्यावं कळत नाही. तुमच्या हातचं एक दंताळं करून पाठवा. द्याल ना?

तुमची योगिता


दिंद्रुड, १० नोव्हेंबर

योगे, सुखी राहा.

पत्र मिळालं. मामीनं दोनदा वाचून घेतलं अन् दोन्ही टायमाला रडली. ती म्हनती पोरगी जेवती का न्हाई ते लिवलंच न्हाई. ते पुढल्या पत्रात लिव.

वीस तुकड्यांच्या नादी लागू नको. त्यातले अठरा डब्यात लोळतेत. मानसाला दोन पुरतेत, पर ती दोन नीट निवडली पायजेत. दंताळं म्हंजी काय, शेतातल्या दंताळ्यानं ढेकळं सारखी करतो तसंच हाय. कुलपाच्या पोटात बारक्या खिट्या असतेत. दंताळं आत घालून मागंपुढं वढलं की त्या वरखाली नाचतेत. दुसऱ्या हातात ताणपट्टी, म्हंजी कुलपाच्या तोंडात अडकवायची वाकडी पट्टी, तिचा हलका दाब. हलका म्हंजी चिमणी मनगटावर बसल्यावानी. दाब हलका असंल तर खिट्या एक एक करून जागी बसतेत अन् कुलूप आपनहून सुटतं. जोर लावनाराला कुलूप कधीच वळखीचं होत न्हाई.

मागल्या पानावर चार आकार काढलेत. पैला एका उंचवट्याचा. दुसरा दोन उंचवट्यांचा, मऊ उतरनीचा. तिसरा तीन उंचवट्यांचा, मधला उंच, उतरनी खड्या. चौथा लांबट, सापाच्या चालीवानी. तिसरा लई जलद उघडतो, पर खिट्यांना ओरबाडतो. तो नवशिक्यानं घेऊ नये, अन् खरं सांगायचं तर जानत्यानंबी घेऊ नये. जाडी बघूनच घ्यायचं. जाड पातं आपल्या हिकडल्या कुलपाच्या तोंडात हालतच न्हाई, लई पातळ केलं तर वाकतं. मी हॅक्साच्या पात्याचं करतो. कानशीनं घासताना सारखं पान्यात बुडवायचं, गरम होऊन निळं पडलं की पातं कामातून गेलं. कडा पॉलिश कागदानं अशा गुळगुळीत करायच्या की नखावरून वढलं तरी रेघ उठू नये. इकतची दंताळी हिथंच मार खातेत.

कोनते दोन पायजेत ते कळव.

अन् दोन गोष्टी ध्यानात ठिव. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा न्हाई. अन् सोताच्या दाराच्या, वापरातल्या कुलपालाबी लावायचं न्हाई, बिघडलं तर बाहीर बसशील. कुनाला दाखवतबी बसू नको. तुला ठावं हाय, आपला सटवा मेंढरं घिऊन एका गावाशेजारी बसलाता अन् त्या गावात घर फुटलं. चार दिस आत ठिवलं त्याला. हातात काठी अन् खांद्यावर घोंगडं, येवढाच पुरावा हुता. माझ्या सख्ख्या भावाचं झालं ते. मी हा नाद घराच्या बाहीर कधी नेला न्हाई.

धुळाजी मामा


उमापूर, २४ नोव्हेंबर

मामा, पाया पडते.

दुसरा आणि चौथा आकार मागितला होता, दोन्ही पोचले, ताणपट्टीही पोचली. मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलंय, ते मामींचं काम दिसतं. कडा नखावरून ओढून पाहिल्या, एक रेघ उठली नाही. मी जेवते, हे मामींना सांगा.

डब्यातलं पहिलं कुलूप उघडायला तीन दिवस लागले. ताणपट्टीवर जोर पडत होता. मग तुमची चिमणी आठवली, बोट सैल सोडलं, आणि दोनच मिनिटांत ते सुटलं. मामा, तो आवाज! मी एकटीच हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

एक विचित्र झालं. मंगळवारी पोस्टातून आले तर माझ्या घरातल्या चपला दाराकडं तोंड करून ठेवलेल्या. मी त्या नेहमी भिंतीकडं तोंड करून ठेवते. गुरुवारी पाण्याचा तांब्या खिडकीत होता. दाराला कुलूप जसंच्या तसं. किल्ली माझ्या गळ्यात असते, दुसरी किल्ली पेटीत आहे. साखराबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बाई, एकटं राह्यलं की असंच व्हतंया."

तसंच असेल.

योगिता


दिंद्रुड, १ डिसेंबर

योगे,

पैलं कुलूप तीन दिवसात म्हंजी झकास. मला आठ दिस लागलते.

चपला अन् तांब्याचं मनावर घिऊ नको. मानूस इसरतं. तुझी आई शेजारनीच्या घरी जाऊन सोताचाच गडवा हुडकायची. नीट खात जा, भिजलेले शेंगदाने खा.

मामी बरी हाय.

धुळाजी मामा


उमापूर, १२ डिसेंबर

मामा,

तुम्ही म्हणालात म्हणून मनाला समजावलं. घर सोडताना काय कुठं आहे ते वहीत लिहून ठेवायला लागले, म्हणजे विसरले असं म्हणता येऊ नये.

शुक्रवारी लिहिलं होतं, टोपलीत तीन भाकरी. दुपारी आले तर दोन. ताटात अर्धी भाकरी, भाजी कालवलेली, आणि ताट माझ्या पाटासमोर वाढून ठेवल्यासारखं. कोणीतरी माझ्या घरात बसून जेवून गेलं होतं. भरदुपारी, कुलूप लावलेल्या घरात. मी ताट उचलून बाहेर फेकलं आणि साखराबाई येईपर्यंत ओट्यावर बसून राहिले.

शनिवारी नवं कुलूप आणलं. सोमवारी अंथरुणावर माणूस आडवा झाल्याची खोलगट खूण.

मग मी जुनं कुलूप सायकलवाल्याकडून कापून घेतलं. त्याला सांगितलं, किल्ली हरवली. घरी आणून उन्हात धरलं. मामा, आतल्या खिट्यांच्या तोंडावर चकचकीत ओरखडे आहेत. किल्लीनं घासलेली जागा काळपट आणि गुळगुळीत असते, हे तुम्हीच दाखवलं होतंत. हे ओरखडे ताजे आहेत आणि खोल आहेत. आणि तुमचा नियम मी पाळलाय. दाराच्या कुलपाला मी दंताळं कधीच लावलेलं नाही.

म्हणून विचारते. हे दंताळ्याचेच ओरखडे असतात ना? माझ्याशिवाय तुम्ही आणखी कोणाला दिलंय का?

योगिता


दिंद्रुड, १७ डिसेंबर

योगे,

मी कुनाला दंताळं दिलं न्हाई. वरखडे किल्लीचे असतेल, नवी किल्लीबी वरबाडती. तू लई इचार करायलीस.

एक सांगतो, ऐक. तू बदली मागून घे. अंबाजोगाईकडं न्हाईतर पार लातूरकडं मिळती का बघ. मामीबी तेच म्हनती. एकट्या बाईनं त्या गावात ऱ्हाऊ नये.

कुलपांचा नाद सध्या बंद ठिव. दंताळी पेटीत टाकून दे.

धुळाजी मामा


उमापूर, २२ डिसेंबर

मामा,

आज दुपारी कुलूप उघडलं, दार ढकललं आणि गॅसचा वास आला. शेगडीची कळ पूर्ण उघडी होती. खिडकी मी उघडी ठेवून गेले होते, ती लावलेली होती. रोज आल्या आल्या मी देवाजवळ उदबत्ती लावते. आज काडेपेटी हातात घेतलेली होती, मामा. दाराच्या आत एक पाऊल पडलं होतं.

मी बाहेर पळाले. साखराबाईंनी तोंडाला पदर लावून आत जाऊन कळ बंद केली. त्या आता म्हणत नाहीत की एकटं राहिलं की असं होतं. त्यांनी मला त्यांच्याकडं झोपायला बोलावलंय.

पोलिसांकडं जाऊन आले. त्यांनी विचारलं, काय चोरीला गेलं? काही नाही. कुलूप तोडलं का? नाही. कोणाला पाहिलं? नाही. मग काय लिहून घेऊ, ताई? मी कागद न करताच परत आले.

तुमचं पत्र चारदा वाचलं. एरवी मी तुम्हाला कुलपाचा एखादा तुकडा पाठवला असता तर तुम्ही तो भिंगाखाली धरून चार पानं लिहिली असती. या वेळी तुम्ही एका ओळीत संपवलंत आणि मला लातूरला पाठवायला निघालात. तुम्हाला कसलीतरी भीती वाटतेय. माझ्याहून जास्त वाटतेय.

मामा, आई गेल्यावर तुमच्याशिवाय मला विचारायला कोणी नाही. एकदा खरं सांगा.

योगिता


दिंद्रुड, ६ जानेवारी २०२६

पोरी,

पंधरा दिस हे पत्र लिवतो अन् चुलीत घालतो. आज मामी समोर बसलीय. ती म्हनली, लिवून झाल्याबिगर उठायचं न्हाई.

दंताळं रामहरीजवळ हाय. मीच दिलंय.

तुझं लगीन झालं त्या सालच्या धोंड्याच्या महिन्यात तुमी दोघं जेवायला आलते. तू मामीसंग आत हुतीस. जावई वट्ट्यावर माझ्याजवळ बसला अन् खांबावरची कुलपं बघून इचारायला लागला. आजवर माझ्या नादाला लोक हासलेत, पोरी. ह्यानं ऐकून घेतलं. दोन तास ऐकलं. माझं काळीज येवढं झालं. म्या त्याला तिसऱ्या आकाराचं दिलं, तीन उंचवट्यांचं, कारन त्याला जलद उघडनारं पायजे हुतं. नवशिक्याला देऊ नये म्हून मीच सांगतो अन् मीच दिलं. तू घर सोडल्यावर म्या ते परत मागितलं. तो म्हनला, हारवलं.

दिवाळी झाल्यावर तो हिकडं आलता. मामीनं जेवू घातलं. तो गोड बोलला, योगीची लई फिकीर वाटती, कुठंशी ऱ्हाती म्हनला. मामीला वाटलं समेट करनार. तिनं खोली कुठं हाय ते सांगितलं, पोस्टाचा टाइमबी सांगितला. जाताना मामी मागं भांडी घासायला गेली तवा तो माझ्या कानाला तोंड लावून मोठ्यानं म्हनला, "मामा, तुमच्या हातचं दंताळं अजून झकास चालतंय बरं का." मी इचारलं कुठं चालतंय. तो हासला. म्हनला, "तुमच्या घरात असली बारा हत्यारं हायत. ठान्यात कळलं तर सटवामामाचे चार दिस झालते, तुमचे किती व्हतील?"

तुझं चपलांचं पत्र आलं तवाच मला कळलं. कळूनबी म्या तुला लिवलं की तू इसरभोळी हायस. गॅसचं वाचलं अन् मामीनं माझ्याशी बोलनं सोडलं. तू त्या काडीनं गेली असतीस तर म्या मारली असती तुला.

त्या घरात ऱ्हाऊ नको. माझं येवढंच ऐक.

धुळाजी


उमापूर, १७ जानेवारी

मामा,

तुमचं पत्र नऊ तारखेला पोचलं. शिक्का मीच मारला आणि तिथंच फोडून वाचलं. राग आला की भीती थोडी मागं सरते, एवढं मला त्या दिवशी कळलं. उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते तुम्हाला वाचवलं नसतं.

आता काय झालं ते सांगते.

मी रोज साखराबाईंकडं झोपत होते, पण सामान माझ्याच खोलीत होतं. मंगळवारी पोस्टाची रेंज गेली, मशीन बंद पडलं, म्हणून अकरालाच घरी निघाले. आळीत कोणी नव्हतं, सगळे शेतात. ओट्याजवळ आले तर दार नुसतं लोटलेलं, आणि माझं कुलूप कोयंड्यात उघडं लटकलेलं. आतून माणूस फिरल्याचा आवाज. डब्याचं झाकण काढल्याचा आवाज.

मला वाटलं होतं असं कधी झालं तर मी ओरडेन. आवाजच निघेना. माघारी वळायला पाय तयार होते. पण डोळे त्या कुलपावर गेले, आणि मनात आलं की हे कुलूप बाहेरूनच उघडता येतं. आत असलेल्याला याचं तोंडही दिसत नाही. मी दोन पायऱ्या चढले. कडी सरकवली. कुलूप घालताना ते कोयंड्यावर खडखडलं, आणि आतला आवाज थांबला. मग मी ते दाबलं.

"कोण हाय?" आतून आलं. रामहरीच.

मी भिंतीला टेकून बसले. तो आधी हसला. "योगी, अगं मीच हाय. उघड. तुला बघायलाच आलोय." मग दारावर धक्के. मग खिडकीशी आला. मी खिडकीसमोर गेले नाही. मग एकदम हळू म्हणाला, "उघडत न्हाईस? मग मी गॅस सोडतो अन् काडी वढतो. कोर्टात सांग जा, नवऱ्याला कोंडून जाळलं म्हून."

गॅसच्या प्रकारानंतर मी रोज रेग्युलेटर काढून साखराबाईंकडं ठेवत होते. पण त्या दिवशी काढला होता का? सकाळी चहा केला होता, नंतर घाईत निघाले. आठवेना. तुम्ही म्हणता ना माणूस विसरतं. किल्ली माझ्या गळ्यात होती आणि मी ती मुठीत धरून बसले होते. उघडलं तर तो बाहेर येणार होता. नाही उघडलं आणि खरंच काडी ओढली तर? मी दाराच्या फटीला नाक लावलं. वास येतोय की येत नाही तेही कळेना.

मी उघडलं नाही. मग कुठून तरी आवाज फुटला आणि मी साखराबाईंच्या नावानं ओरडत सुटले. त्या शेळ्या सोडून पळत आल्या. पहिलं वाक्य त्या काय बोलल्या माहीत आहे? "रेगुलेटर माझ्या फडताळात हाय, बाई. रडू नको." मग माणसं जमली. पोलीस आले, तेव्हा मी किल्ली दिली.

वाटलं, सुटले. पण ऐका. तो ठाण्यात म्हणाला, बायकोनंच बोलावलं, दार उघडून आत घेतलं आणि बदनामीसाठी कोंडलं. झडतीत त्यानं माझ्या अंथरुणाखाली सारलेलं त्याचं दंताळं सापडलं, आणि माझ्या पेटीत माझी दोन. तिन्हींची बनावट एकच. तो म्हणाला, "साहेब, ही बाई असली हत्यारं बाळगती. मला काय ठावं त्यातलं?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, छंद आहे. ते वाक्य तिथं किती खोटं वाटलं, मामा! त्याला संध्याकाळी सोडलं. दोघांनाही सव्वीस जानेवारीनंतर बोलावलंय. जाताना माझ्याजवळून गेला तेव्हा म्हणाला, "आता तुझं पोस्टबी जाईल." ते खरंही असू शकतं. कुलपं उघडणाऱ्या बाईला टपालाच्या पिशव्यांजवळ कोण बसू देईल?

तुमचं सहा तारखेचं पत्र माझ्याजवळ आहे. ते साहेबांपुढं ठेवलं तर सगळं एका मिनिटात उघडं होईल. मी ठेवलेलं नाही. त्यात सटवामामांचे चार दिवस आहेत आणि तुमची बारा दंताळी आहेत. तुम्हाला न विचारता तुम्हाला मी तिथं नेऊन बसवणार नाही. पण तुम्ही मला न विचारता त्याला माझ्या घरात बसवलंत, हेही खरं.

अठ्ठावीस तारखेला बोलावलंय. तुमचं तुम्ही ठरवा.

योगिता


दिंद्रुड, १ फेब्रुवारी

योगे,

त्या दिवशी तू मामीला धरून बसलीस अन् माझ्याकडं बघितलं न्हाईस. ते बरोबरच हुतं. पर आत काय झालं ते समदं तुला ठावं न्हाई, तुला भायर बसवलंतं. म्हून लिवतो.

अठ्ठावीस उजाडला तरी मी अंथरुनावरनं उठलो न्हाई. मामीनं सकाळी बारा दंताळी फडक्यात बांधली अन् म्हनली, "मी जाते ठान्यात, तुमी पडा." तवा उठलो. माजलगावहून गेवराई, गेवराईहून पुढं, समद्या वाटंत ते गाठोडं मांडीवर. इष्टीत कुनीबी बघितलं की वाटायचं, ह्याला कळलं.

साहेब कायतरी इचारीत हुते, मला ऐकू येत नव्हतं. त्यांचं तोंड हाललं की मला वाटायचं, ह्याला आत टाका म्हनत्यात. मामी मोठ्यानं सांगायची अन् मी जबाब द्यायचो. म्या सांगितलं, तिन्ही दंताळी माझ्या हातची. तीन उंचवट्यांचं जावयाला दिलं, धोंड्याच्या महिन्यात. पोरीला दोनच, परवाच्या नोव्हेंबरात. साहेबांनी टेबलाच्या खनातलं एक कुलूप काढलं अन् म्हनले, उघडून दाखव. साधं कुलूप, पोरी. डोळे मिटून उघडीन असलं. पर हात असे कापत हुते की ताणपट्टी खाली पडली, दोनदा. तिथले समदे हासले. साहेब म्हनले, ह्याला तर जमत न्हाई, हा कसला कारागीर. मामी उठून हुबी राह्यली. "साहेब," म्हनली, "हेचे हात भ्यालेत. हात भ्यालेत म्हून मानूस लबाड व्हत न्हाई." मग साहेबांनी मला पानी दिलं. त्ये पानी मी निम्मं अंगावरच सांडलं.

मग त्येला आत आनलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. साहेब कागद आनायला कपाटाकडं वळले. रामहरीनं बघितलं अन् माझ्या कानाशी वाकला. पर माझ्या कानात कुजबुजून काय उपयोग? मी म्हनलो, आं? तो थोडं मोठ्यानं म्हनला. मी पुन्हा म्हनलो, आं? त्येला राग आवरला न्हाई. तो अक्षी जिनिंगमधी बोलत्यात तसा बोलला, "दिंद्रुडात ऱ्हायाचंय का न्हाई तुला? सांग पोरीनंच मागून नेलं म्हून, न्हाईतर तिचा गॅस ह्या वक्ताला मी सोताच पेटवीन!"

साहेब कपाटाकडनं वळले अन् कागद घिऊन तेच वाक्य लिवायला बसले. बहिऱ्याला धमकी द्यायची तर वरडूनच द्यावी लागती, योगे. ते मी मुद्दाम केलं न्हाई. मला खरंच ऐकू आलं नव्हतं.

माझी बारा दंताळी त्यांनी ठिवून घेतली. पावती दिलीय. माझं नाव, बापाचं नाव, गाव, समदं लिवून घेतलं. घरी आल्यापास्नं भायर गाडी थांबली की उठून बघतो. पर झोप लागती. महिनाभर लागत नव्हती.

त्येला धरलं, येवढं मला कळलं. पुढं काय झालं ते तू लिव. लिवावं वाटलं तर.

धुळाजी


उमापूर, ८ फेब्रुवारी

मामा,

त्याला कोठडीत ठेवलंय. जामीन आज ना उद्या मिळेलच, असं वकीलबाई सांगतात. पण या गावाकडं फिरकायचं नाही, असा हुकूम त्यासोबत मागणार आहेत. पोस्टाचे वरचे साहेब येऊन गेले. पिशव्या, शिक्के, वह्या, सगळं तपासलं. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या वेळेवर उघडा." मी ओट्यावर बसून दहा मिनिटं रडले.

साखराबाईंनी माझ्या दाराला आतून लोखंडी अडसर बसवून दिला. मी परत माझ्या खोलीत राहायला आलेय. भीती गेलेली नाही. पोस्टातून येते, कुलूप उघडते आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहते. आधी नाकानं वास घेते, मग खिडकीतून सगळीकडं बघते, मग आत जाते. साखराबाई तेवढा वेळ त्यांच्या दारात उभ्या असतात. मी आत गेले की त्या शेळ्यांकडं जातात.

तुम्ही ठाण्यात आलात. हात कापत असताना आलात. ते मी बाहेरून दाराच्या काचेतून पाहत होते. ताणपट्टी खाली पडली तेव्हा मला आत येऊन ती उचलून द्यावीशी वाटली, आणि मी उठले नाही. दोन्ही खरं आहे.

माफ केलं असं मला अजून लिहिता येत नाही. लिहिलं तर तुम्हाला ते खोटं आहे हे कळेल. तो चपलांचा महिना, ते तुम्ही मला विसरभोळी म्हणणं, त्याला अजून थोडे दिवस लागतील.

पण तुम्ही आणि मामी या. पुढच्या रविवारी या. मामींना सांगा, माझ्या हातच्या भाकरी अजून जाडच होतात. येताना दारावर थाप मारू नका, कडी वाजवू नका. थाप ऐकली की मला अजून त्यानं आतून मारलेले धक्के ऐकू येतात. ओट्याखाली उभे राहा आणि मोठ्यानं माझ्या नावानं हाक मारा.

दार मी उघडीन.

तुमची योगिता